झुंबरबाईचा रविवार

आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्याची खुर्ची मंडळीकडं तोंड करून ठेवलेली आहे. तिच्यावर मी तरुणपणापासून बसतो. त्यामुळं कोण डुलक्या घेतं, उपदेश चालू असताना कोण मोबाईल बघतं, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, हे सगळं पाळकांच्या आधी मला कळतं. एसटीच्या डेपोतून मी केव्हाच निवृत्त झालो, पण या खुर्चीवरून मला अजून कुणी उठवलेलं नाही. लोक मला नाना म्हणतात. माझ्या जिभेला हाड नाही असंही म्हणतात, पण ते मी नसताना.

या खुर्चीवर बसून मी सगळ्यात जास्त वाट बघायचो ती झुंबरबाईच्या आवाजाची. गीताचं धृपद संपत आलं की बायकांच्या बाजूनं तिचा आवाज वर चढायचा आणि माझी पेटी त्याच्या मागं धावायची. शिकलेला गळा नव्हे तो. तिचा आजा भडगावकडच्या एका खेड्यात लग्नावऱ्हाडात हलगी वाजवायचा. तो ख्रिस्ती झाला तशी हलगी भजनाला आली, एवढाच फरक पडला. गाणं त्या घरात आधीपासूनच होतं.

तिचा बाप्तिस्मा गिरणेत झाला तेव्हा मी हजर होतो. तेव्हाचे पाळक गावोगाव फिरायचे आणि मी पेटी डोक्यावर घेऊन त्यांच्या मागं. नदीला गुडघाभर पाणी होतं, पोरगी थंडीनं कुडकुडत होती. पाळकांनी तिचं नाव हन्ना ठेवलं. ती नदीतून बाहेर आली आणि तिच्या आईनं लगेच हाक मारली, "झुंबर, लुगडं पिळी ले." तिथंच त्या नव्या नावाचा निकाल लागला. पुढं तिला कुणी हन्ना म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.

लग्न होऊन ती जळगावला आली. नवरा वना बाजार समितीत हमाली करायचा. सज्जन माणूस, पाठीवर पोती आणि तोंडात शब्द नाही. पिंप्राळ्याला माझ्या घरामागच्या गल्लीत त्यांची पत्र्याची खोली. वनाच्या कण्याला इजा झाली आणि तो घरी बसला, तेव्हापासून झुंबरबाई चार घरी स्वयंपाकाला जाऊ लागली. तरीही रविवार तिनं राखला होता. सकाळी वनाला न्हाऊमाखू घालायची, पांढरं पातळ नेसायची आणि पहिल्या गीताच्या आधी चर्चमध्ये हजर असायची. मोडला तो पुढं, आणि मोडणारी माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

ललितभाऊ पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते. नोकरी सारी धुळ्याकडं झाली. निवृत्तीनंतर त्यांनी पिंप्राळ्यात बंगला बांधला आणि आमच्या मंडळीत आले. त्यांच्या पत्नी ज्योतीताई सरकारी दवाखान्यात मेट्रन होत्या. देवभीरू, व्यवस्थित, हात सढळ. आल्या आल्याच ललितभाऊ मंडळीचे पंच झाले आणि ते योग्यच होतं. चर्चचं गळकं छप्पर त्यांनी उभं राहून दुरुस्त करून घेतलं. वनाच्या पाठीचं ऑपरेशन झालं तेही त्यांच्याच खटपटीनं. ज्योतीताई दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून राहिल्या. ते उपकार झुंबरबाई कधी विसरली नाही, आणि गोम तिथंच होती.

झुंबरबाई आता त्यांच्याकडंच स्वयंपाकाला होती. ललितभाऊंना माणसं जेवू घालायची हौस. त्यांनी प्रथाच पाडली, की उपासना झाली की पाळक, बाहेरगावचे उपदेशक आणि येईल तो पाहुणा बंगल्यावर जेवायला. बेत ठरलेला. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी. आता बट्टी म्हणजे काही वरणभाताचा कुकर नव्हे. जाडसर पीठ मळायचं, गोळे उकडायचे, गार झाले की कापायचे आणि जेवणारा ताटावर बसताना तुपात लालसर तळायचे. बारा वाजता पंगत बसायची तर सकाळपासून ओट्यापाशी उभं राहावं लागतं. उपासनेची वेळही तीच. झुंबरबाईची चर्चमधली जागा रिकामी पडू लागली.

बट्टी मात्र अशी व्हायची की उपदेशक पुढच्या आमंत्रणाची वाट बघायचे. तुपावर डॉक्टरांनी बंदी घातली नसती तर मीही पहिल्या पंगतीत असतो, खोटं कशाला बोलू.

तिनं विचारलं नाही असं नाही. दोनदा विचारलं. पहिल्या वेळी म्हणाली, रविवारी मला चर्चला जाऊ द्या. ज्योतीताई गोड बोलल्या, "अगं, देवाच्या सेवकांना जेवू घालणं हीसुद्धा उपासनाच आहे." दुसऱ्या वेळी तिनं मागणं कमी केलं. महिन्याचा पहिला रविवार तेवढा द्या, त्या दिवशी प्रभुभोजन असतं. ज्योतीताई म्हणाल्या, "नेमकं त्याच दिवशी पाहुणे जास्त असतात गं." पण बाईचं मन मोडू नये म्हणून त्यांनी एक सोय केली. कोरोनापासून आमची उपासना यूट्यूबवर थेट दिसते. ज्योतीताईंनी आपला जुना फोन ओट्यावरच्या डब्यांना टेकवून ठेवला. तूही ऐक, कामही होऊ दे.

झुंबरबाई फोनकडं बघत पीठ मळायची. गीत लागलं की फोनबरोबर गायची. पण प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला काही फोनमधून बाहेर येत नाही.

"नाना," एकदा ती मला गल्लीत म्हणाली, "लहानमोठा बठ्ठ्यासले प्याला भेटस. मी देखत ऱ्हास."

मी म्हटलं, ललितभाऊंशी बोलू का? तिनं हात जोडले. वनाच्या पाठीसाठी त्यांनी एवढं केलं, आता मी तोंड वर करून काय मागू, असं तिचं म्हणणं. मला राग आला, पण राग कुणावर काढायचा ते सापडेना. विसाव्याच्या दिवसाची आज्ञा आम्ही सगळे पाठ म्हणतो. तिच्यात मालकाबरोबर दास आहे, दासी आहे, बैल आणि गाढवसुद्धा आहे. स्वयंपाकीण तेवढी निसटली, असं त्यात कुठं लिहिलेलं मला तरी दिसलं नाही.

असंच वर्ष उलटून गेलं.

आमच्या मंडळीची एक जुनी रीत आहे. जो सभासद फार दिवस प्रभुभोजनाला आलेला नसतो त्याच्यासाठी उपासनेत नाव घेऊन प्रार्थना करायची. म्हणजे भटकलेलं मेंढरू परत यावं. त्याउप्परही तो आला नाही तर मंडळीतून त्याचं नाव कमी होतं. गैरहजर कोण ते पंचांनी सांगायचं, प्रार्थना पाळकांनी करायची. आमचे आत्ताचे पाळक तरुण आहेत, कोल्हापूरकडचे, मंडळीत नवे. ललितभाऊही तसे नवेच. दोघांनी मंडळीच्या दप्तरातून नावं काढली आणि त्यात एक नाव निघालं हन्ना अहिरे, बाप्तिस्म्याच्या वेळी माहेरच्या आडनावासकट लिहिलेलं. कोण ही बाई? दोघांनाही माहीत नाही. कुठं राहते ते विचारावं, असंही कुणाला सुचलं नाही. पाळकसाहेब तर दर रविवारी तिच्या हातचं जेवत होते. बोटं चाटून जेवत होते.

तो पहिला रविवार होता आणि शिवाय आमच्याकडं वर्षातून एकदा पाळतात तो गरिबांसाठीचा खास रविवार. ललितभाऊंनी आणलेल्या चादरींचा ढीग पुढं रचला होता, त्या संध्याकाळी रेल्वे स्टेशनवर वाटायच्या होत्या. चादर देणं चांगलंच आहे, मी त्याची टिंगल करणार नाही. फक्त एवढंच म्हणेन की चादर दिल्यानं आपलं जेवण उशिरा होत नाही.

उपदेशाच्या आधी पाळकसाहेबांनी डोळे मिटले. मंडळीनं मिटले. मी मिटत नाही, मला पुढच्या गीताचे सूर बघायचे असतात. पाळकसाहेब भरल्या गळ्यानं बोलत होते. त्यांनी हन्ना या भगिनीचं नाव घेतलं, ती जगाच्या नादी लागून मंदिरापासून दूर गेली आहे म्हणाले, तिचं कठीण झालेलं मन मऊ व्हावं म्हणून विनवणी केली. ललितभाऊंचा "आमेन" सगळ्यात मोठा होता. तो नेहमीच असतो.

माझे हात पेटीवर तसेच राहिले. हन्ना कोण ते त्या अख्ख्या चर्चमध्ये फक्त मला माहीत होतं. उपासना संपली की दोघांना कोपऱ्यात घेऊन चांगलं सुनवायचं, असं मी ठरवलं आणि उपदेश ऐकत बसलो. उपदेश गरिबांवर होता. गरीब आपल्या दाराशी बसलेला असतो आणि आपल्याला तो दिसत नाही, असं पाळकसाहेब सांगत होते. चांगलं बोलले.

तिकडं बंगल्यात काय झालं ते झुंबरबाईनं मला नंतर सांगितलं. बट्ट्या उकडून, कापून ताटात गार होत होत्या. वरण झालं होतं. वांग्याची भाजी गॅसवर होती, तळायचं तूप कढईत काढून ठेवलं होतं. फोनमधून प्रार्थना ऐकू येत होती आणि तिनं सवयीनं पदर डोक्यावर घेतला होता. मग तिला नाव ऐकू आलं. आधी वाटलं दुसरी कुणी असेल. मग पाळकसाहेबांनी तिचं माहेरचं आडनाव घेतलं. ती म्हणाली, "मी तठे त्यासनासाठे बट्ट्या करी राहिंती, आनि त्या आठे मनासाठे रडी राहिंतात."

ललितभाऊंचा आमेन होईपर्यंत ती थांबली. प्रार्थना अर्धी सोडू नये म्हणून. मग तिनं गॅस बंद केला, बट्ट्यांवर ताट झाकलं, हात धुतले, दाराला कुलूप लावून किल्ली नेहमीच्या कुंडीखाली ठेवली आणि चर्चची वाट धरली.

ती आत आली तेव्हा उपदेश संपून प्रभुभोजनाचं गीत सुरू होत होतं. अंगावर कामाचं पातळ, कोपराला पीठ लागलेलं. मागच्या बाकावर बसेल असं मला वाटलं. ती सरळ पुढं आली आणि बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत, ज्योतीताईंच्या शेजारी, आपल्या जुन्या जागेवर बसली. ज्योतीताईंनी सरकून जागा दिली आणि मग कोण बसलंय ते बघितलं.

धृपद आलं आणि तिचा आवाज वर गेला. पेटीचा सूर चुकला, ते मी लपवणार नाही.

भाकरीचं ताट घेऊन पंच रांगांमधून फिरतात. बायकांच्या बाजूचं ताट त्या दिवशी ललितभाऊंकडं होतं. पहिली रांग झाली. दुसऱ्या रांगेत ज्योतीताईंना ताट धरलं, त्यांनी तुकडा उचलला. मग ताट झुंबरबाईपुढं आलं आणि ललितभाऊ जागच्या जागी थांबले. मी अगदी हळू वाजवत होतो आणि दुसरी रांग माझ्यापासून दोन हातांवर आहे, त्यामुळं मला स्पष्ट ऐकू आलं. ते वाकून म्हणाले,

"झुंबर, बट्ट्या?"

तिनं ताटातला तुकडा उचलला.

"आज ऐतवार शे, भाऊ," ती म्हणाली.

ललितभाऊ पुढं सरकले. त्यांचे कान लाल झाले होते. प्याल्यांचा ट्रे घेऊन दुसरे पंच आले, तोही तिनं घेतला, आणि डोळे मिटून बसून राहिली.

उपासना सुटल्यावर पाळकसाहेब माझ्याकडं आले. "नाना, या बाई कोण? कुठं तरी बघितल्यासारख्या वाटतात."

"हन्ना अहिरे," मी म्हटलं. "जगाच्या नादी लागलेल्या. तुमचं जेवण करायच्या नादी."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ते चर्चच्या पायरीवर बसले. मी आणखी बरंच बोलणार होतो, तोंडापर्यंत आलंही होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं. पोरगा मनानं वाईट नाही. उठून ते झुंबरबाईकडं गेले आणि सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. ती बिचारी कानकोंडी झाली, पाळकानं माफी मागायची तिला सवय नव्हती.

त्या दिवशी बंगल्यावर पाहुण्यांनी भात-वरण खाल्लं. ज्योतीताईंनी बट्ट्या तळायचा प्रयत्न केला, पण तूप थंड होतं की काय, बट्ट्यांनी सगळं तूप पिऊन टाकलं. पाळकसाहेब जेवायला गेलेच नाहीत. मंडळीत कुजबुज झाली. अर्धे म्हणाले, बाईनं बरं केलं. अर्धे म्हणाले, ज्यांनी नवऱ्याचा जीव वाचवला त्यांना असं तोंडघशी पाडतात का. झुंबरबाई सोमवारी कामावर गेली नाही, मंगळवारीही नाही. तिला जायचं होतं, पण पाय उचलत नव्हता. हे घर सुटलं तर वनाची औषधं कशी आणायची, या काळजीनं ती सुकून गेली होती. मला म्हणाली, "नाना, माले कामबी पायजे आनि ऐतवारबी पायजे. हाई जास्त मांगनं शे का?"

बुधवारी संध्याकाळी मी वनाशी गप्पा मारत त्यांच्या खोलीत बसलो होतो, तेवढ्यात ज्योतीताई दारात. पत्र्याच्या खोलीत त्या पहिल्यांदाच येत होत्या. वनानं उठायची धडपड केली, त्यांनी त्याला खांद्याला धरून बसवलं, पाठीवरून सवयीनं हात फिरवला, दुखतंय का विचारलं. झुंबरबाईनं गोधडीची घडी घालून बसायला दिली.

ज्योतीताई बसल्या. मग म्हणाल्या, "सांगून जायचं होतंस, झुंबर."

"सांगं व्हतं, ताई. दोन डाव सांगं व्हतं."

"आम्ही तुझं काही कमी केलं का?"

"नई. मना मालकले तुम्ही वाचाडं, ते मी मरे तवलोंग इसरावनी नई." ती खाली बघत बोलत होती, पण आवाज ठाम होता. "सांगशात ते काम करसू. सनसुदले दोन दिन जास्तीना करसू. पन ऐतवार नई देसू."

मला वाटलं, आता भांडण होणार. ज्योतीताई मेट्रन होत्या, वॉर्डच्या वॉर्ड त्यांना चळाचळा कापायचे. पण त्यांचे डोळे भरले होते. त्या म्हणाल्या, "नको देऊस. चुकलं आमचं. ह्यांनाही तीन दिवस झोप नाही. रविवार तुझा. अगदी दर रविवार."

झुंबरबाईनं पदरानं तोंड पुसलं. वना कधी बोलत नाही, तो म्हणाला, "चहा ठेव." आम्ही सगळे हसलो आणि खोलीतली हवा जरा मोकळी झाली.

चहा पिता पिता ज्योतीताई सहज म्हणाल्या, "आणि पाहुण्यांची काळजी तू करू नकोस. मी कनीजशी बोलले आहे. रविवारी ती येईल स्वयंपाकाला. तिला काही चर्च नाही."

कनीज शेजारच्याच खोलीत राहते. तीही बंगल्यांवर कामाला जाते, तिच्या मालकिणी रविवारी घरी असतात म्हणून तिला तेवढी सुट्टी. रविवारी ती दारात खाट टाकून पाय लांब करून पडते, पायांना तेल चोळते, येणाऱ्याजाणाऱ्याला आवाज देते. गल्लीला ते पाठ झालं आहे.

झुंबरबाईनं कप खाली ठेवला. तिचं जे होतं ते तिला मिळालं होतं. गप्प बसली असती तर कुणी तिला नावं ठेवली नसती, मीसुद्धा नाही.

"तिले चर्च नई, ताई," ती म्हणाली, "पन पाय शेतस ना."

ज्योतीताई गोंधळल्या. "अगं, पण मी जबरदस्ती नाही केली. तिनं हो म्हटलंय."

"मी बी हावच म्हनी व्हती."

शेजारच्या खोलीत कनीजचा चिमटा तव्यावर वाजत होता, तिची रात्रीची भाकरी चालू होती. वना माझ्याकडं बघत होता आणि मी जमिनीकडं.

"मग पाहुण्यांनी करायचं काय?" ज्योतीताईंनी विचारलं. त्या चिडून बोलल्या नाहीत, त्यांना खरंच सुचत नव्हतं.

"शनवारे मी बट्ट्या उकडी ठेवसू. तूपमा तयनं तेवढं तुम्ही करा. नई त खिचडी टाका. पाळकसायबले खिचडी चालस."

ज्योतीताई उठल्या. दाराबाहेर त्यांनी चपला घातल्या आणि कनीजच्या दारापुढं थांबल्या. आत वाकून म्हणाल्या, रविवारी यायचं नाही, राहू दे. कनीजनं आतून काहीतरी विचारलं, ते मला ऐकू आलं नाही. मग ज्योतीताई परत आमच्या दारात आल्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहून, शाळेतल्या पोरीसारख्या हाताशी हात धरून, त्यांनी विचारलं,

"झुंबर, तूप तापलं हे कळतं कसं गं?"

झुंबरबाई बाहेर गेली आणि त्यांना सांगू लागली.